आमच्या बँक सखी (बचत गटातल्या बायकांना बँकेच्या कामात मदत करणाऱ्या) ताईंना

ताई, सप्रेम नमस्कार.

दारव्ह्याच्या घराचं खरेदीखत झालं. त्यात यांच्या जोडीनं माझंही नाव आहे, निम्म्या हिश्श्याचं. ते तुमच्यामुळे लागलं, म्हणून हे आभार चारचौघांत मानते आहे.

माझा पगार धरल्याशिवाय कर्ज बसतच नव्हतं. कापूस-सोयाबीनचा पैसा वर्षातून एकदा येतो, तोही भाव लागला तर. बँकेला हप्ता दर महिन्याला लागतो. म्हणून मी सहकर्जदार झाले. घर मात्र यांच्या एकट्याच्या नावानं घ्यायचं ठरलं होतं आणि त्यात कोणाला काही वावगं वाटत नव्हतं. तुम्ही छपरीत बसून कागद वाचत होता. चष्मा कपाळावर सरकवून यांनाच विचारलंत, "भाऊ, कर्जात बाईचं नाव हाय, मंग घरात काहून नाही?" मामाजी अडकित्ता घेऊन सुपारी कातरत राहिले. कोणी बोललं नाही.

मग तुम्ही नीट उलगडून सांगितलंत. हप्ता थकला तर बँक दोघांपैकी कोणाकडूनही पूर्ण रक्कम मागू शकते, आणि सिबिल (कर्जफेडीच्या सवयीवरून मिळणारा गुणांक) दोघांचंही पडतं. पण नुसतं सहकर्जदार होऊन मालकी मिळत नाही, ती खरेदीखतातच यावी लागते. एकट्या बाईच्या नावानं घर घेतलं तर महाराष्ट्रात मुद्रांक शुल्कात 1 टक्का सूट मिळते, हेही तुम्हीच सांगितलंत. ती आम्ही सोडली, घर दोघांचं असावं असं मलाच वाटलं. (मामाजी अजून त्या 1 टक्क्यासाठी हळहळतात. म्हणजे आता त्यांना माझ्या एकटीचं नावही चाललं असतं!)

जुन्या देण्यांचं तर तुम्ही सारं उकरूनच काढलंत. यांच्या मोटारसायकलच्या थकलेल्या हप्त्यांवर फायनान्सवाला म्हणत होता, थोडे भरा, सेटलमेंट करून टाकू. आम्ही खूश. तुम्ही अडवलंत. सिबिलच्या अहवालात 'सेटल्ड', म्हणजे कमी भरून मिटवलेलं, असा शेरा राहतो आणि पुढची बँक त्यावरच बोट ठेवते, म्हणून पूर्ण भरून नो ड्यूज, म्हणजे काही देणं उरलं नाही असा दाखला, घ्यायला लावलंत. सोसायटीचं पीककर्जही मुदतीत भरून घेतलंत, व्याजाची सवलत बुडू नये म्हणून. माझ्या बचत गटाच्या कर्जाचे हप्ते वेळेवर होते, ते तसंच चालू ठेवलं. तोवर घराचा अर्ज मात्र करू दिला नाहीत. घर हातचं जाईल म्हणून मी तुमच्यावर चिडलेही होते. घरमालक थांबला, हे आमचं नशीब.

यांना किमतीच्या 90 टक्के कर्ज हवं होतं. 30 लाखांपर्यंतच्या कर्जाला बँक तेवढं देऊ शकते. तुम्ही माझ्या वहीत पगार लिहिलात, खाली गटाचा हप्ता, किराणा, पोराची फी. उरल्या पैशात घराचा हप्ता मावेना. मग तूर विकून आपली रक्कम वाढवली आणि कर्ज कमी घेतलं. आता हप्ता पगारातून जाईल आणि कापूस विकला की जमेल तेवढं मुद्दलात भरू. बदलत्या व्याजदराच्या गृहकर्जाला मुदतीआधी भरण्याचा दंड नाही, हे तुम्ही सांगेपर्यंत आमच्या घरात कोणाला ठाऊक नव्हतं.

गटातल्या एका बाईला तुमच्याकडे पाठवते आहे. तीही सहकर्जदार आहे आणि त्यांचं खरेदीखत अजून व्हायचं आहे. तेवढं तिच्या घरी एकदा जाऊन या, जी.

तुमची,
गटातली एक