शेवळं जूनमध्ये, वर्ग जुलैत

येऊरच्या पाड्यावरच्या मावशींना,
सप्रेम नमस्कार.

रानभाज्यांच्या अभ्यासक्रमासाठी तुम्ही वेळ काढलात त्याचे आभार आहेतच. त्याहून जास्त आभार आमच्या मसुद्यातल्या चुका तोंडावर सांगितल्याबद्दल.

२ क्रेडिट, प्रात्यक्षिकाचे ६० तास, आठवड्याला ४ तास, १५ आठवडे. कागदावर सगळं चोख होतं. शेवळं मात्र आम्ही ऑगस्टात टाकली होती! पहिल्या पावसाबरोबर उगवणारी ही भाजी तोवर संपते, आणि प्रवेश आटोपून पहिल्या वर्षाचे वर्ग भरेपर्यंत जून सरतो. म्हणून हा विषय आता दुसऱ्या वर्षाला, कॉलेज उघडल्या उघडल्या. मागून टाकळा, कुरडू, कंटोळी. लावणीच्या दिवसांत पाड्यावर एकही तास नाही.

कृतीत आम्ही लिहिलं होतं, ‘चिरून शिजवणे’. सगळ्या वर्गाचा घसा खवखवला असता, कारण शेवळात कॅल्शियम ऑक्झलेटचे सुईसारखे स्फटिक असतात. वरचं आवरण सोलायचं, आतला दाणेदार पिवळा भाग टाकून द्यायचा, उरलेलं बारीक चिरून तेलावर परतायचं आणि काकड या रानझाडाच्या आंबट फळांचा रस घालून नीट शिजवायचं. काकड न मिळाल्यास चिंच. मसुद्यात शास्त्रीय नाव बिनचूक होतं, काकड नव्हता.

राष्ट्रीय उद्यानाच्या हद्दीत पोरांनी काही तोडायचं नाही, फक्त ओळखायचं. भाजी बाजारातून विकत, घासाघीस न करता.

औषधी मुळ्यांची नावं ‘लिहू नका’ म्हणालात, ती वगळली आहेत. अशा पारंपरिक माहितीला संरक्षण देणारा जैवविविधता कायदा २००२ चा आहे, पण एकदा छापून गेलेली माहिती कायद्याने परत येत नाही.

शहापूर-मुरबाडच्या कातकरी वाड्यांवरची बैठकही तुमच्या सांगण्यावरून हलवली. दिवाळीनंतर घरंच्या घरं वीटभट्ट्यांवर जातात. म्हणून ती आता लावणी उरकल्यावर, कापणीच्या आधी.

मानधनाच्या फॉर्मवर ‘शैक्षणिक पात्रता’ रिकामी राहिली की बिल अडकतं. तो रकाना बदलून ‘विषयातील अनुभव’ केला आहे. रक्कम पाहुण्या प्राध्यापकाइतकीच, आणि त्याच दिवशी हातात. मजुरी बुडवून आलेल्या माणसाला महिनोन्‌महिने ताटकळत ठेवणं शोभत नाही.

सुधारलेला मसुदा सोबत जोडलेला नाही. अभ्यास मंडळापुढे नेण्याआधी आम्हीच पाड्यावर येऊन वाचून दाखवू. संध्याकाळ तुम्ही सांगा.

आपले,
अभ्यासक्रम समितीतील शिक्षक, ठाणे