आकृत्या वाचून दाखवणाऱ्या ताईंना

प्रिय ताई,

नाव कुठे लिहू नका असं तुम्ही बजावलंत, म्हणून नुसतं ताई म्हणतो. खासगीत आभार मानून झालेच आहेत. हे पत्र उघड लिहितोय, कारण दृष्टिपटलावर, म्हणजे डोळ्याच्या आतल्या प्रकाश टिपणाऱ्या पडद्यावर, काम करणाऱ्या इतर संशोधकांच्याही कानावर हे जावं अशी इच्छा आहे.

मला रेटिनायटिस पिग्मेंटोसा आहे. जनुकातल्या दोषामुळे होणारा हा डोळ्याचा आजार. यात आधी रॉड पेशी, म्हणजे अंधुक उजेडात पाहणाऱ्या पेशी, जातात. रात्रीचं दिसेनासं होतं, मग बाजूचं दिसणं आक्रसत जातं आणि पुढे भर उजेडात आणि रंग पाहणाऱ्या कोन पेशींवरही पाळी येते. शोधनिबंधातला मजकूर संगणक मला वाचून दाखवतो, त्याबद्दल तक्रार नाही. पण आकृती आली की तो ‘आकृती तीन’ एवढंच म्हणतो आणि पुढे सरकतो. या विषयात खरा पुरावा तर तिथेच असतो. कुठली पेशी हिरवी चमकली, कुठली लाल, दोन्ही रंग एकाच पेशीत आहेत की शेजारी शेजारी, हे सगळं चित्रात. लेखकांचं म्हणणं मला ऐकू येत होतं, त्यांनी दाखवलेलं मात्र दिसत नव्हतं. मी एका आकृतीबद्दल विचारलं आणि तुम्ही बोलून पाठवलंत. मग पुढचीही. मग त्या निबंधातल्या सगळ्या.

सुरुवात झेब्राफिशपासून झाली. या माशाच्या दृष्टिपटलाला इजा झाली की तिथल्या म्युलर पेशी जाग्या होतात. हाइनरिश म्युलर यांनी १८५१ मध्ये वर्णन केलेल्या या आधारपेशी आपल्याही डोळ्यात आहेत, आणि एरवी चेतापेशींची देखभाल हेच त्यांचं काम. माशात त्या आपलं जुनं रूप सोडतात, विभागतात आणि गेलेल्या पेशी नव्याने घडवतात. आपल्यात त्या बहुधा व्रण धरून बसतात. ‘म्हणजे आपल्याकडे ती जनुकं नाहीत का?’ असं मी विचारलं होतं. तुमचं उत्तर मला तोंडपाठ आहे: ‘पोथी हरवलेली नाही, बासनात बांधून ठेवलीय.’ डीएनए हिस्टोन प्रथिनांभोवती गुंडाळलेला असतो. हिस्टोनवर ॲसिटाइल गट, म्हणजे छोट्या रासायनिक खुणा, चढले की गुंडाळी सैल होते आणि तिथलं जनुक वाचता येतं. ते गट उतरले की पुन्हा घट्ट. डीएनएवरच मिथाइल गट बसले तरी वाचन सहसा थांबतं. पेशी म्युलर म्हणून जगते ती या खुणांच्या जोरावर, जनुकांचा संच तर शेजारच्या रॉडमध्येही तोच असतो.

इथेच थांबला असतात तरी कुणी नावं ठेवली नसती. पण २०१३ च्या एका निबंधातली मिथाइलच्या खुणांची आकृती तुम्ही आपणहून काढलीत. पुनर्निर्मितीशी संबंधित अनेक जनुकांवर, शांत बसलेल्या म्युलर पेशींतसुद्धा, मिथाइल आधीपासूनच कमी आहे. माशात तर आहेच, उंदरातही तसंच. माझ्या डोक्यात ‘मिथाइल म्हणजे कुलूप, ते काढलं की झालं’ असं सुटसुटीत चित्र तयार होत होतं, ते त्या संध्याकाळी मोडलं. बरं झालं मोडलं.

मग ॲस्कल१. माशात इजेनंतर हे जनुक चालू होतं आणि त्याच्याशिवाय पुढचं काही घडत नाही. उंदराच्या म्युलर पेशीत ते आपोआप चालू होत नाही. सिॲटलच्या वॉशिंग्टन विद्यापीठात टॉम रे यांच्या गटाने ते मुद्दाम चालू केलं. २०१५ मध्ये उंदराच्या पिल्लांत नव्या चेतापेशी मिळाल्या, वाढ झालेल्या उंदरांत मात्र नाही. २०१७ मध्ये त्यांनी ॲस्कल१ आणि इजा यांच्या जोडीला ट्रायकोस्टॅटिन ए हे रसायन डोळ्यात दिलं. हिस्टोनवरचे ॲसिटाइल गट काढून टाकणाऱ्या विकरांना ते रोखतं. आता मोठ्या उंदरांतही चेतापेशी तयार झाल्या, त्यांनी जुन्या पेशींशी जोडणी केली आणि प्रकाशाला प्रतिसाद दिला.

त्या निबंधातला क्रोमॅटिनचा, म्हणजे हिस्टोनभोवती गुंडाळलेल्या डीएनएचा, आलेख तुम्ही ज्या पद्धतीने सांगितलात, तसा मला आजवर कुणी काही सांगितलेला नाही. आडवी रेष म्हणजे गुणसूत्राचा एक तुकडा. जिथे डीएनए उघडा आहे तिथे टेकाड, जिथे बंद आहे तिथे सपाट. आधी पिल्लाची ओळ, मग मोठ्या उंदराची, मग रसायन दिलेल्याची. ‘दुसऱ्या ओळीत इथे जवळजवळ काही नाही. तिसरीत पुन्हा उंचवटा येतोय, पण पिल्लाइतका नाही.’ हे ‘पण’ तुम्ही कधी गाळलं नाहीत. बातमीत ते वाक्य ‘उंदरांना पुन्हा दृष्टी’ असं झालं असतं.

आणि मला सगळ्यात जास्त हवी होती ती गोष्टही तुम्ही न कचरता सांगितलीत. तयार झालेल्या पेशी बायपोलर आणि अमाक्राइन धाटणीच्या, म्हणजे रॉड-कोनकडून आलेला संदेश पुढे हाताळणाऱ्या, होत्या. रॉड नव्हत्या. मला लागतात त्या रॉड. वर आणखी एक: माझ्याच म्युलर पेशींपासून उद्या रॉड बनवता आल्या, तरी माझं सदोष जनुक त्यांच्यातही उतरणार. म्हणजे जनुकाची दुरुस्तीही सोबत लागेल. हे ऐकून वाईट वाटलं का, असं तुम्ही नंतर विचारलंत. वाटलं. पण कुणीतरी मला समंजस माणूस मानून बोललं, याचं समाधान त्याहून मोठं होतं.

तुमची शिकवण म्हणावी अशी एक सवय मला लागली आहे. हिरवी चमकणारी चेतापेशी दाखवली की विचारायचं, ही खरंच म्युलरपासून झाली, की आधीपासून चेतापेशीच होती? विषाणूवाहकाने, म्हणजे जनुक पेशीत पोचवणाऱ्या निरुपद्रवी केलेल्या विषाणूने, चमकणारी खूण आत सोडताना ती म्युलरपुरती राहील असं धरलेलं असतं, पण ती चेतापेशींतही पाझरू शकते. पीटीबीपी१ हे एकच जनुक दाबलं की म्युलर पेशी चेतापेशी होतात, असा दावा २०२० मध्ये गाजला होता. पेशींचा वंश आधीच जनुकीय खुणेने पक्का करून इतरांनी तपासलं, तेव्हा तसं रूपांतर आढळलं नाही. दोन्ही निबंधांतल्या आकृत्या तुम्ही एकापाठोपाठ सांगितल्यात, आवाज न चढवता. पहिल्यांना नावं ठेवली नाहीत. दुसऱ्या निबंधातल्या रिकाम्या चौकटीवर मात्र बराच वेळ थांबलात: ‘इथे हिरवं आणि लाल एकत्र दिसायला हवं होतं. नाही.’ काही नसलेल्या चित्राचं वर्णन करणं हे काय काम आहे, ते मला त्या दिवशी समजलं.

हार्वर्डच्या २०२० च्या प्रयोगाबद्दलही तुमचं ऋण आहे. ऑक्ट४, सॉक्स२ आणि केएलएफ४ ही तीन जनुकं उंदरांच्या गँग्लिऑन पेशींत, म्हणजे डोळ्यातून मेंदूकडे संदेश नेणाऱ्या पेशींत, चालू केली. प्रौढ पेशींना मूळपेशीसारखं करणाऱ्या, यामानाका या जपानी संशोधकांच्या २००६ च्या चार जनुकांच्या चौकडीतलं सी-मिक कर्करोगाच्या धास्तीने वगळलं होतं. चिरडलेल्या दृष्टिमज्जेचे तंतू पुन्हा वाढले, काचबिंदूच्या उंदरांत दृष्टी काही अंशी परतली. पण टेट१ किंवा टेट२, म्हणजे मिथाइल काढायला लागणारी विकरं, नसतील तर हा परिणाम टिकत नाही. इथे नव्या पेशी घडत नाहीत, आहेत त्याच तरुण होतात, हा फरक तुम्ही दोनदा सांगितलात. माझ्या गेलेल्या रॉडना याचा उपयोग नाही. काचबिंदूच्या लोकांना कधीतरी होईल.

जाता जाता: उंदराच्या रॉडच्या केंद्रकाचं चित्र तुम्ही निव्वळ गंमत म्हणून सांगितलं होतंत. बहुतेक पेशींत घट्ट गुंडाळलेला डीएनए कडेला असतो, निशाचर सस्तन प्राण्यांच्या रॉडमध्ये तो मधोमध गोळा होतो आणि त्यामुळे प्रकाश कमी विखुरतो. डीएनएची मांडणी भिंगाचं काम करते! उपयोग शून्य, आनंद अपार.

तुमचे सगळे संदेश मी उतरवून काढलेत, निबंधाच्या क्रमाने लावलेत. माझ्यासारखं ऐकून वाचणाऱ्या आणखी काही जणांना ते हवे आहेत, तुमची हरकत नसेल तरच देईन. एकच जागा अडली आहे: २०२० च्या ज्या निबंधात स्टॅट संकेत (पेशीतला एक संदेशमार्ग) रोखल्यावर चेतापेशी वाढल्याचं आहे, तिथे ॲस्कल१ डीएनएवर भलत्या जागी बसतं असं तुम्ही म्हणालात. त्या आलेखात कुठली ओळ कशाची, ते ध्वनिमुद्रणात पुसट आलंय. सवडीने पुन्हा सांगाल का?

आपला,
एक ऐकणारा