वैऱ्याला घरात जागा

रिचमंड, व्हर्जिनिया
१६ नोव्हेंबर

प्रिय मिलिंद,

सप्रेम नमस्कार.

गेल्या वर्षी गणपतीत तुझ्या गच्चीवर निवडणुकीवरून आपलं जे झालं, त्यानंतर आपण बोललेलो नाही. फोन हातात घेतो आणि परत ठेवून देतो. म्हणून आज कागद घेतला. गेल्या शनिवारी मॉन्टिसेलोला जाऊन आलो. तिथे जे पाहिलं ते तुलाच सांगावंसं वाटतंय, दुसऱ्या कुणाला नाही.

मॉन्टिसेलो म्हणजे अमेरिकेचा तिसरा राष्ट्राध्यक्ष थॉमस जेफरसन याचं टेकडीवरचं घर. आत शिरताच मोठं दालन लागतं, पाहुण्यांनी थांबायचं. भिंतींवर लुईस आणि क्लार्क यांच्या पश्चिमेकडच्या शोधमोहिमेतून आलेली शिंगं. दाराच्या वर घड्याळ, त्याची वजनं म्हणजे तोफेचे गोळे. ते दिवसागणिक खाली उतरतात आणि भिंतीवर लिहिलेल्या वारांवरून आज कोणता वार ते कळतं. शनिवार भिंतीवर मावला नाही, म्हणून जमिनीला भोक पाडून तो तळघरात नेलाय! जमीन गवतासारखी हिरवी रंगवलेली. हा रंग सुचवला गिल्बर्ट स्टुअर्ट या चित्रकाराने. एका डॉलरच्या नोटेवरचा वॉशिंग्टनचा चेहरा त्याच्याच चित्रावरून घेतलाय.

आणि या दालनात अलेक्झांडर हॅमिल्टनचा अर्धपुतळा आहे. मी तिथेच थबकलो. हॅमिल्टन, जेफरसनच्या घरात?

वॉशिंग्टनच्या मंत्रिमंडळात हॅमिल्टनकडे तिजोरी आणि जेफरसनकडे परराष्ट्र खातं. बँक असावी का, कर्ज कुणी फेडायचं, फ्रान्सची बाजू घ्यायची की इंग्लंडची, बहुतेक प्रश्नांवर त्यांचं जमलं नाही. मंत्रिमंडळात आम्हाला रोज दोन कोंबड्यांसारखं झुंजवलं जायचं, असं पुढे जेफरसननेच लिहून ठेवलंय. दोघांच्या बाजूने वेगवेगळी वर्तमानपत्रं आग ओकत होती. तरी या दालनात हॅमिल्टनच्या समोर जेफरसनने स्वतःचा भव्य अर्धपुतळा मांडला होता. 'जिवंतपणी समोरासमोर होतो, मेल्यावरही समोरासमोर,' असं तो पाहुण्यांना म्हणायचा, अशी आठवण सांगतात. जेफरसनचा तो मूळ पुतळा पुढे १८५१ साली काँग्रेसच्या, म्हणजे अमेरिकी संसदेच्या, ग्रंथालयाला लागलेल्या आगीत गेला.

दोघांचे चेहरे संगमरवरात घडवले ते एकाच माणसाने, रोमच्या ज्युसेप्पे चेराक्कीने. स्वातंत्र्यदेवतेचं शंभर फुटी स्मारक उभारायचं स्वप्न घेऊन तो १७९१ साली फिलाडेल्फियात आला. काँग्रेसने पैसे द्यावेत म्हणून त्याने मोठमोठ्या पुढाऱ्यांना समोर बसवून त्यांचे पुतळे केले. स्मारकाचं काहीच झालं नाही, तेव्हा त्याने पुतळ्यांची बिलं पाठवली. हॅमिल्टनने १७९६ साली ६२० डॉलर भरले आणि आपल्या हिशेबाच्या वहीत लिहिलं की हा पुतळा चेराक्कीने स्वतःच्याच आग्रहाखातर केला होता, मी केवळ भिडेखातर पैसे देतोय. ही नोंद वाचल्यापासून हॅमिल्टन मला जवळचा वाटू लागलाय. बिचारा चेराक्की पुढे पॅरिसला गेला, नेपोलियनला मारायच्या कटात सापडला आणि १८०१ साली त्याचं डोकं उडवलं गेलं.

तसबिरींचा आणखी एक किस्सा. १७९१ साली फिलाडेल्फियात जेफरसनकडे जेवायला हॅमिल्टन आणि तेव्हाचा उपराष्ट्राध्यक्ष जॉन अ‍ॅडम्स होते. भिंतीवर बेकन, न्यूटन आणि लॉक यांच्या तसबिरी होत्या. हे कोण, असं हॅमिल्टनने विचारलं. जगात होऊन गेलेले तीन सर्वांत थोर पुरुष, असं जेफरसन म्हणाला. हॅमिल्टन थोडा वेळ गप्प बसला आणि म्हणाला, सर्वांत थोर पुरुष म्हणजे ज्युलियस सीझर. मिलिंद, मला हे पूर्ण पटत नाही. जेफरसनने हे वीस वर्षांनी, १८११ साली, बेंजामिन रश या मित्राला लिहिलेल्या पत्रात सांगितलं. तोवर हॅमिल्टनला द्वंद्वयुद्धात आरन बर्रच्या गोळीने जाऊन साडेसहा वर्षं झाली होती. आणि हॅमिल्टनच्या स्वतःच्या लिखाणात सीझर येतो तो बहुधा शिवी म्हणून. विरोधक गेल्यावर त्याची गोष्ट आपणच सांगतो, तेव्हा ती आपल्याला सोयीची होते. त्या रात्री तू काय म्हणालास हे मी गेलं वर्षभर लोकांना सांगत आलोय. तेही किती खरं होतं, कुणास ठाऊक.

आता अ‍ॅडम्सचं ऐक, कारण हे पत्र खरं तर त्याच्यासाठीच आहे. १७८६ साली लंडनमध्ये मॅदर ब्राउन नावाच्या तरुण चित्रकाराकडून अ‍ॅडम्स आणि जेफरसन यांनी एकमेकांसाठी तसबिरी काढवून घ्यायचं ठरवलं. जेफरसनच्या चित्रात मागे स्वातंत्र्यदेवता आहे. अ‍ॅडम्सच्या चित्रात त्याच्यापाशी जेफरसनचं व्हर्जिनियावरचं पुस्तक आहे. मित्राला द्यायच्या चित्रात मित्राचंच पुस्तक! मग १८०० ची राष्ट्राध्यक्षपदाची निवडणूक आली, दोघं एकमेकांविरुद्ध. अ‍ॅडम्सवर गलिच्छ चिखलफेक करणाऱ्या कॅलेंडर नावाच्या पत्रकाराला जेफरसन पैसे देत होता. अ‍ॅडम्स हरला आणि ४ मार्च १८०१ च्या पहाटे, जेफरसनच्या शपथविधीला न थांबता, गाडीत बसून निघून गेला. पुढची कित्येक वर्षं अबोला. पण जेफरसनची तसबीर अ‍ॅडम्सच्या घराण्याने पिढ्यान्‌पिढ्या जपली. आज ती वॉशिंग्टन शहरातल्या संग्रहालयात आहे, ती त्यांनीच दिलेली.

१८११ च्या उन्हाळ्यात जेफरसनचे शेजारी अ‍ॅडम्सला भेटायला गेले. बोलता बोलता अ‍ॅडम्स म्हणाला, 'जेफरसनवर माझं नेहमीच प्रेम होतं, आजही आहे.' हे जेफरसनच्या कानावर गेलं. रश तर दोघांच्या मागेच लागला होता. १ जानेवारी १८१२ रोजी अ‍ॅडम्सने पत्र लिहिलं: घरी विणलेल्या कापडाचे दोन तुकडे पाठवतोय. जेफरसनला ते खरंच कापड वाटलं. त्याने उत्तरात व्हर्जिनियातल्या घरोघरच्या सूतकताईवर लांबलचक लिहिलं. नंतर पुडकं आलं, त्यात अ‍ॅडम्सच्या मुलाच्या व्याख्यानांचे दोन खंड होते. ही पत्रं वाचताना मला हसू आलं आणि डोळेही भरून आले. अकरा वर्षांनी बोलायला मिळालं तर माणूस सुतावरसुद्धा पानं भरतो.

घरातून बाहेर पडल्यावर मात्र एक गोष्ट खात राहिली. सहाशेहून अधिक गुलाम जेफरसनच्या मालकीचे होते. त्यांच्यापैकी किती जणांचा चेहरा उरला? आयझॅक या लोहाराचा १८४० च्या दशकातला एक जुना फोटो आहे. म्हातारा, कामाचा एप्रन घातलेला, सरळ आपल्याकडे बघणारा. त्या दालनातल्या कुठल्याही संगमरवरापेक्षा तो चेहरा माझ्या जास्त लक्षात राहिलाय.

मिलिंद, राजगडाच्या बालेकिल्ल्यावरचा आपला फोटो आमच्या फ्रिजवर असायचा. भांडणानंतर मी तो काढून खणात टाकला होता. शनिवारी रात्री घरी आल्यावर परत लावला. तुझ्या डाव्या गुडघ्याला बांधलेला माझा रुमाल त्यात अजून स्पष्ट दिसतो.

जानेवारीत आईच्या डोळ्याच्या ऑपरेशनसाठी साताऱ्याला येतोय, ७ तारखेला पोचेन. ८ ला संध्याकाळी तुझ्याकडे येऊ का? वहिनींना नमस्कार, चिन्मयला आशीर्वाद.

तुझा,
अविनाश