केस जिंकल्यानंतरचं पत्र

चि. बाळास अनेक आशीर्वाद.

परवा फोनवर 'आई, केस जिंकलो' म्हणालास आणि मग गप्पच झालास. तू घरमालकाचा वकील, कागद चोख, मुदतीचा मुद्दा बिनतोड. आणि समोरच्या बाईंना दोन लेकरं घेऊन खोली सोडावी लागणार. त्या रात्री तुला जेवण गेलं नसणार, हे न सांगताही मला कळलं. तेव्हा काही सुचलं नाही, म्हणून आज लिहायला बसले.

थॅडिअस स्टीव्हन्स या जुन्या अमेरिकन वकील-पुढाऱ्याचं नाव तू माझ्याकडून ऐकलं आहेस, पण ते शाळांच्या संदर्भात. 1835 साली अमेरिकेतल्या पेनसिल्व्हेनिया राज्यात मोफत शाळांचा कायदा रद्द व्हायला आला होता. आम्हाला मूलबाळ नाही, आम्ही शाळेचा कर का भरायचा, असं लोक म्हणत. तेव्हा विधानसभेत तो उभा राहिला आणि म्हणाला, गुन्हेगाराला कोंडण्यासाठी तुम्ही खुशीने कर भरता, मग माणूस गुन्हेगार होऊ नये म्हणून भरायला का कुरकुरता? कायदा टिकला. त्याचं स्वतःचं लग्न झालेलं नव्हतं. आयुष्यभर प्राथमिक शाळेत शिकवलेल्या मला हा माणूस आपला वाटतो, तो यामुळे.

आता त्याची वकिली सांगते. तो 1792 मध्ये व्हरमाँटला जन्मला, एक पाय जन्मापासून वाकडा. बाप घर सोडून गेला. चार मुलगे आईने कष्ट करून वाढवले आणि या अधू पोराला शिकवायचंच, असा हट्ट धरला. पुढे हाती पैसा आल्यावर त्याने आईला शेत आणि गाई घेऊन दिल्या. मृत्युपत्रातही तिच्या थडग्यापाशी फुलझाडं लावायला पैसे ठेवून गेला. ते वाचून मी पुस्तक मिटलं आणि बराच वेळ तशीच बसून राहिले.

तर, पेनसिल्व्हेनियातल्या गेटिसबर्ग गावात त्याची वकिली चालू होती. 1821 साल. पेनसिल्व्हेनियाचा कायदा असा होता, की बाहेरच्या मालकाने गुलामाला तिथे आणून सहा महिने ठेवलं, तर तो गुलाम मोकळा. शेजारच्या मेरीलँड राज्यातल्या चॅरिटी बटलर या गुलाम बाईला तिथे अनेकदा आणलं गेलं होतं आणि सगळे दिवस मिळून सहा महिन्यांहून जास्त भरत होते. तिने सुटकेसाठी दावा लावला. स्टीव्हन्स मालकाकडून उभा राहिला. सहा महिने सलग हवेत, तुकड्यांची बेरीज धरता येणार नाही, हा त्याचा मुद्दा. न्यायालयाने तो मान्य केला. चॅरिटी आणि तिची मुलं गुलामच राहिली.

तुझ्या मुदतीच्या मुद्द्यासारखाच होता की नाही हा मुद्दा?

बाळा, मी त्याची बाजू सावरणार नाही. चॅरिटीच्या घराचं जे झालं ते झालं, नंतरच्या कुठल्याही कामाने ते भरून आलं नाही. पण तो तिथेच थांबलाही नाही. 1838 मध्ये पेनसिल्व्हेनियाच्या नव्या घटनेने काळ्यांचा मताधिकार काढला, तेव्हा त्याने तिच्यावर सही करायला नकार दिला. 1851 मध्ये पळून आलेल्या गुलामांना पकडायला मेरीलँडचा एक मालक पेनसिल्व्हेनियातल्या ख्रिस्तियाना गावी आला आणि झटापटीत मारला गेला. 38 जणांवर देशद्रोहाचा आरोप ठेवला गेला. या वेळी स्टीव्हन्स आरोपींच्या वकिलांत होता. ज्याच्यावर खटला चालला तो निर्दोष सुटला.

यादवी युद्धानंतर अमेरिकेच्या घटनेत चौदावी दुरुस्ती आली, ती तयार करणाऱ्या समितीत तो होता आणि अमेरिकी संसदेच्या सभागृहात तिच्यासाठी झगडणाऱ्यांत पुढे. आपल्या घटनेच्या 14 व्या कलमातलं 'कायद्याचे समान संरक्षण' तू कोर्टात रोज उच्चारतोस, ते शब्द त्या दुरुस्तीतून आलेले आहेत. त्याला स्वतःला मात्र ती अपुरी वाटत होती, कारण मताधिकाराची हमी तिच्यात नव्हती. मग स्वीकारली का? आपण माणसांत राहतो, देवदूतांत नाही, म्हणून, असं त्याने 1866 मध्ये सभागृहातच सांगितलं. सुटलेल्या गुलामांच्या कुटुंबांना 40 एकर जमीन मिळावी म्हणूनही तो भांडला. तिथे हरला. मला ती हार सगळ्यात मोठी वाटते. जमीन नाही म्हणजे काय, हे तुझ्या आजोबांनी दुसऱ्याच्या शेतात राबून आम्हाला दाखवलं होतं.

शेवटी शेवटी त्याला चालवत नसे. खुर्चीत बसवून त्याला सभागृहात आणत. 11 ऑगस्ट 1868 ला तो गेला. इतर दफनभूमींत वर्णावरून निर्बंध होते, म्हणून लँकेस्टरमधली तसे निर्बंध नसलेली एक लहानशी दफनभूमी त्याने आधीच निवडून ठेवली होती. आयुष्यभर ज्या समतेसाठी बोललो ती मरणातही दिसावी म्हणून ही जागा, असं त्याच्या थडग्यावर कोरलेलं आहे.

खटल्यात त्याने जिला हरवलं त्या बाईचं नाव चॅरिटी बटलर होतं, हे दोनशे वर्षांनी मलाही माहीत आहे. तुझ्या केसमधल्या बाईंचं नाव मात्र तू फोनवर एकदाही घेतलं नाहीस. रविवारी फोन करशील तेव्हा सांग. आणि त्या आता कुठे राहायला गेल्या, तेही विचारून ठेव.

तुझी,
आई