कौतुक जिद्दीचे, हिशेब रक्तदाबाचा

संपादक महोदय,
स. न.

अमेरिकेतील कृष्णवर्णीयांच्या मानसिक चिवटपणाविषयी आपल्याकडे जे लिहिले जाते, त्यात कौतुकाचाच भाग मोठा असतो. इतके सोसूनही हा समाज उभा राहिला हे खरेच. परंतु त्या उभे राहण्याची किंमत अनेकांच्या शरीराला मोजावी लागली, ही बाजू कौतुकात झाकली जाते, म्हणून हे पत्र.

साथरोगतज्ज्ञ शर्मन जेम्स यांना १९७० च्या दशकाच्या अखेरीस नॉर्थ कॅरोलायनात जॉन हेन्री मार्टिन नावाचे वृद्ध कृष्णवर्णीय शेतकरी भेटले. बटाईने जमीन कसणाऱ्या घरात जन्म आणि शिक्षण दुसरीपर्यंत असूनही चाळिशीत ते ७५ एकरांचे मालक होते. मात्र साठीच्या आतच उच्च रक्तदाब, संधिवात आणि जठरव्रणाने त्यांना गाठले होते. तिथल्या लोकगीतांतला जॉन हेन्रीही वाफेच्या यंत्राशी पैज लावतो, जिंकतो आणि हातात हातोडा असतानाच मरतो. हा नामयोग पाहून जेम्स यांनी ‘जॉन हेन्रीइझम’ ही संज्ञा घडवली. झुंजण्याची वृत्ती प्रबळ, पण पदरी पैसा आणि शिक्षण तुटपुंजे, अशा कृष्णवर्णीयांत त्यांना उच्च रक्तदाब अधिक आढळला. (पुढील सर्वच अभ्यासांत हे तितके ठळक दिसले नाही, हेही नोंदवायला हवे.)

पदरी पैसा का नव्हता, याचे उत्तर स्वभावात सापडत नाही. १९३० च्या दशकात सरकारी गृहकर्ज यंत्रणेने शहरांचे जे नकाशे केले, त्यांत कृष्णवर्णीयांच्या वस्त्या लाल रंगवून कर्जासाठी धोक्याच्या ठरवल्या गेल्या. घरांच्या व्यवहारातील भेदभाव १९६८ मध्ये कायद्याने बेकायदा ठरला, तोवर घराच्या रूपाने साठणारी पुंजी अनेक कुटुंबांना साठवताच आली नव्हती.

मनाचे शास्त्रही यातून सुटत नाही. पळून जाणाऱ्या गुलामाला ‘ड्रॅपेटोमेनिया’ नावाचा मनोविकार जडलेला असतो, असे सॅम्युएल कार्टराइट या डॉक्टरने १८५१ साली मांडले होते. तेव्हा पळून जाणे हा रोग ठरला आणि आज सोसत राहणे हा गुण ठरतो. दोन्ही वेळा तपासणी होते ती पीडिताच्याच मनाची. वर्णद्वेषाला हातभार लावल्याबद्दल अमेरिकी मानसोपचारतज्ज्ञांच्या संघटनेने २०२१ साली जाहीर माफी मागितली.

जोतीरावांनी १८७३ साली ‘गुलामगिरी’ अमेरिकेतील गुलामीविरोधी सदाचारी लोकांना अर्पण केली, तेव्हा मराठी वाचकाला हा विषय परका नाही. आपल्या पुरवणीत चिवटपणावर पुन्हा लेख येईल तेव्हा त्यात कर्ज, घर आणि दवाखाना यांनाही जागा मिळावी, ही विनंती.

कळावे,
एक वाचक, सातारा