आमच्या बोटवाल्या काकांना, जाहीर थँक्यू

काका, नमस्कार.

घरी येऊन थँक्यू म्हणलं की तुम्ही काय करता ते माहितीये मला. "तुमचा आपला कायतरीच" म्हणता, काकींना चहा टाकायला सांगता आणि विषय संपला. म्हणून हे असं सगळ्यांसमोर लिहितेय, नातू वाचून दाखवेलच. आणि दुसरं कारण म्हणजे आमच्या सिंगापूरच्या क्रूझचे फोटो टाकल्यापासून अर्धी सोसायटी आणि माझं अख्खं माहेर विचारतंय की कुठली बोट, किती पैसे, उलट्या झाल्या का, आईंच्या जेवणाचं काय केलंत, तर एकदाच सगळ्यांना कळू दे की यात माझं डोकं काही नाही, सगळं तिसऱ्या मजल्यावरून आलंय.

तर मंडळी, आमचे काका मूळचे मालवणचे, आयुष्य क्रूझ शिपच्या हाउसकीपिंगमध्ये गेलं, केबिन स्टुअर्ड म्हणून चढले आणि सुपरवायझर होऊन उतरले. बोट विकणारे हजार भेटतात हो, बोटीवरच्या गाद्या झटकलेला माणूस भेटणं कठीण.

मी तुमच्याकडे आले तेव्हा एजंटचं कोटेशन हातात होतं, आठवतंय का. सगळ्यात मोठी बोट, मॅडम यावर स्कायडायव्हिंगचं मशीन आहे, रोबो ड्रिंक बनवतो, आजच बुक केलं तर डिस्काउंट. तुम्ही कागद न बघताच बाजूला ठेवलात आणि म्हणालात, "बोट मगे बघूया, आधी माणसां सांग." मग मी सांगायला लागले, सासऱ्यांचे गुडघे, सासूबाईंना पनवेलच्या पुढे गेलं की गाडी लागते, त्यात कांदा-लसूण नाही आणि संकष्टी चुकत नाही, लेक नववीत, नवऱ्याला एका जागी बसवत नाही आणि मला फक्त बसायचंय. त्यावर तुमचे प्रश्न काय, तर बाबा दुपारी आडवे होतात का, आईंना लिफ्टची भीती वाटते का, मुलगा एकटा फिरेल का. मला तेव्हा वाटलं हे काय विचारतायत, नंतर कळलं की खोली कुठे घ्यायची ते यावरूनच ठरणार होतं.

आमचा पहिला विचार मुंबईहूनच जायचा होता, विमान नको, व्हिसा नको. मुंबईहून सुटणाऱ्या एम्प्रेस बोटीचं नाव काढल्यावर तुम्ही तिची कुंडलीच मांडलीत, 1990 ची बोट, आधी रॉयल कॅरिबियन कंपनीकडे नॉर्डिक एम्प्रेस नावाने चालायची, 48 हजार टनांच्या आसपास. बोट वाईट नाही, पहिल्यांदा जाणाऱ्या जोडप्याला मस्त, पण लक्षद्वीपला मोठी बोट धक्क्याला लागत नाही, छोट्या होडीत उतरायचं, आणि ते बाबांच्या गुडघ्यांना झेपणार नाही. झालं, सिंगापूरवर आलो.

टनाचा तो हिशोब तर मी आता सगळ्यांना शिकवतेय. टन म्हणजे बोटीचं वजन नाही, आतली जागा. त्या टनांना माणसांनी भागायचं, म्हणजे प्रत्येकाच्या वाट्याला किती जागा येते ते कळतं. एजंटची बोट रॉयल कॅरिबियनच्या क्वांटम क्लासमधली, साधारण 1,69,000 टन आणि एका खोलीत दोन माणसं धरून 4,200 प्रवासी, म्हणजे माणशी 40. आम्ही शेवटी घेतली ती गेंटिंग ड्रीम तिच्यापेक्षा लहान, दीड लाख टन, पण माणसं 3,350 च्या आसपास, म्हणजे 45. सुट्टीत तिसरा-चौथा बेड पण भरतो त्यामुळे प्रत्यक्षात दोन्हीकडे गर्दी याहून जास्तच, पण तुलना करायला पुरतं. त्यात ड्रीमवर शाकाहारी आणि जैन जेवणाची वेगळी सोय, लेकाला पाण्याच्या घसरगुंड्या आणि दोरीवरचे खेळ, प्रश्न मिटला. एजंटचा चेहरा बघण्यासारखा झाला होता पण जाऊ दे.

रूटचं तर मला सुचलंच नसतं. नाताळच्या सुट्टीत जाणार म्हणल्यावर तुम्ही लगेच सांगितलंत की सिंगापूरहून पूर्वेला व्हिएतनामच्या बाजूला तेव्हा ईशान्य मान्सून असतो, दक्षिण चिनी समुद्र खवळलेला, तिकडे अजिबात नको. पश्चिमेला मलाक्काच्या सामुद्रधुनीतून पेनांग-फुकेटकडे जायचं, एका अंगाला सुमात्रा, दुसऱ्या अंगाला मलेशिया, मध्ये समुद्र आपला गप्प, आणि फुकेटच्या बाजूला पण ते महिने चांगले, तिकडचा खराब सीझन मे ते ऑक्टोबर. सासूबाईंनी ॲव्होमिनची पट्टी बटव्यात ठेवली होती, ती तशीच्या तशी परत आली. बोट चालू आहे का थांबलीये असं त्या रोज विचारायच्या.

आणि तो डेक प्लॅन, म्हणजे बोटीच्या मजल्यांचा नकाशा! मी प्रिंट काढून आणला आणि तुम्ही बॉलपेनने सटासट फुल्या मारायला लागलात. स्विमिंग पूल आणि बुफेच्या खालची खोली नको, पहाटेपासून डोक्यावर खुर्च्या ओढतात. थिएटरच्या वर नको. अगदी पुढचं टोक नको, तिथे हलतं जास्त आणि नांगर टाकताना साखळीचा आवाज थेट उशाशी. लिफ्टच्या जवळ हवी पण लिफ्टला चिकटून नको. मधोमध, खालच्या बाजूला, आणि वर-खाली दोन्हीकडे खोल्याच असतील अशी बघ. गॅरंटी केबिन म्हणून स्वस्तात देतात ती घ्यायची नाही कारण मग नंबर ते ठरवतात आणि आपण एवढा केलेला अभ्यास पाण्यात. मी म्हणलं सगळ्यांना बाल्कनी घेऊ, तर म्हणालात बाल्कनी फक्त म्हाताऱ्यांना घे, तुम्ही समोर बिनखिडकीच्या खोलीत झोपा, चहाला तिकडे जा. केवढे पैसे वाचले! शिवाय बिनखिडकीच्या खोलीत दिवस आहे की रात्र काही कळत नाही, नवरा सुट्टीत पहिल्यांदा नऊपर्यंत झोपला.

बाकी तुम्ही सांगितलेलं भराभर लिहिते, ज्यांना जायचंय त्यांनी स्क्रीनशॉट काढा. सिंगापूरला एक दिवस आधी पोचायचं, विमान लेट झालं म्हणून बोट थांबत नाही. मरिना बे आणि हार्बरफ्रंट अशी दोन वेगवेगळी टर्मिनल आहेत, तिकिटावर कुठलं ते बघून टॅक्सीत बसायचं. बोटीने मलेशियाला जाऊन परत येणं म्हणजे सिंगापूरमध्ये दुसऱ्यांदा शिरणं, तेव्हा व्हिसा मल्टिपल एंट्रीचाच आहे ना ते नीट वाचायचं. इस्त्री, इंडक्शन, एक्स्टेंशन बोर्ड न्यायचा नाही, काढून घेतात आणि उतरताना देतात (सासूबाईंचा मऊ भाताचा छोटा कुकर घरीच राहिला, त्यावर घरात दोन दिवस चर्चा झाली). पहिल्या दिवशी मोठ्या बॅगा खोलीत यायला संध्याकाळ होते, म्हणून औषधं आणि पोहायचे कपडे हातातल्या पिशवीत. बोट सुटली की फोन एअरप्लेन मोडवर, नाहीतर तो बोटीवरचं नेटवर्क पकडतो आणि बिल बघून चक्कर येते. इन्शुरन्स काढायचाच, बोटीवर डॉक्टर असतो पण फुकट नसतो. आणि जेवायच्या आधी हात साबणानेच धुवायचे, दारातल्या सॅनिटायझरच्या भरवशावर राहायचं नाही, बोटीवर पसरणारा तो पोटाचा नोरोव्हायरस सॅनिटायझरला फारसा दाद देत नाही.

आता चढल्यावरचं. तुमचा पहिला नियम, चढल्या चढल्या सगळे बुफेकडे पळतात तेव्हा तुम्ही डायनिंग रूमच्या हेड वेटरला गाठा आणि जेवणाचं सांगून टाका, आदल्या दिवशी सांगितलं तर किचन काहीही करतं, टेबलावर बसून मागितलं तर त्यांनाही जमत नाही. तसंच केलं. संकष्टी नेमकी बोटीवरच आली. बाबांनी पंचांगातली चंद्रोदयाची वेळ काढली ती आपली मुंबईची, आणि बोटीचं घड्याळ अडीच तास पुढे, मग आम्ही सगळे जेवणं उरकून पूर्वेकडच्या कठड्याला उभे, सासूबाई हातात फूल आणि पाण्याचा छोटा ग्लास घेऊन, आजूबाजूचे चिनी पाहुणे आदराने जागा करून देतायत. चंद्र वर यायला दहा वाजत आले. खाली गेलो तर हेड वेटरने बिनकांद्याची डाळ, बटाट्याची भाजी आणि भात झाकून ठेवला होता, वर विचारतोय, मॅडम मून ओके? त्या दिवसापासून सासूबाईंचं त्या बोटीबद्दल एक अक्षर वाकडं निघालेलं नाही.

दुसरा नियम, रोजच्या कार्यक्रमाच्या कागदावर फक्त दोन गोष्टींना गोल करायचा. हा मात्र नवऱ्याने पाळला नाही, त्याने अकरांना केला. सकाळी झुंबा, मग कुठलं तरी क्विझ, मग रांग, मग दुसरी रांग, आणि संध्याकाळी शो चालू झाला की खुर्चीत घोरायला लागायचा. मी आणि बाबा प्रोमेनेड डेकवर, म्हणजे कठड्याकडेच्या फिरायच्या जागेत.

आणि खरं सांगू, मला सगळ्यात काय आवडलं असेल तर ते तुम्ही सांगितलेलं पायलटचं. बंदरातून निघताना सगळी जनता वर पार्टीला नाचत असते, तुम्ही म्हणालात तेव्हा खाली जा आणि कठड्यावरून बघा. बोट सिंगापूरच्या बाहेर पडत होती, चहूकडे नांगर टाकलेली मालवाहू जहाजं, मोजायची सोय नाही इतकी. एक छोटी बोट आली, आमच्या बाजूला अगदी चिकटून त्याच वेगाने पळायला लागली. खाली पाण्याजवळ एक दार उघडलं, दोरीची शिडी सुटली आणि लाइफ जॅकेट घातलेला माणूस शिडीवरून उतरायला लागला. दोन्ही बोटी चालूच! एक क्षण थांबला, खालची बोट लाटेने वर आली तसा पाय टाकला, आत गेला, छोटी बोट वळून निघाली. बंदराचा पायलट, कॅप्टनला वाट दाखवून घरी चालला होता. लेकाने व्हिडिओ काढला, आणि बाबा नंतर कितीतरी वेळ "पावसात काय करत असेल रे हा" असं म्हणत होते.

पेनांगला बोट जॉर्जटाऊनच्या धक्क्यालाच लागते, त्यामुळे टूर न घेता चालत गेलो. लिटल इंडिया, क्वीन स्ट्रीटवरचं महामारिअम्मनचं देऊळ, आई-बाबांना सायकलरिक्षा. त्या जुन्या शहराला 2008 पासून युनेस्कोचा दर्जा आहे. फुकेटला मात्र तुम्ही सांगितलं तसं झालं, नांगर टाकून छोट्या बोटीतून किनाऱ्यावर. बाबा उतरले नाहीत, आणि तुमचं म्हणणं खरं निघालं की बंदराच्या दिवशी बोटीवर मागे राहणारा राजा असतो. पूल रिकामा, लिफ्ट रिकाम्या, आरामखुर्च्यांसाठी मारामारी नाही. आम्ही परत आलो तर बाबा टॉवेल गुंडाळून सावंतवाडीच्या एका क्रू मेंबरशी गप्पा मारत बसलेले, आंब्याची कलमं वगैरे चाललेलं. आणि ते घड्याळाचं! थायलंडचं घड्याळ सिंगापूरच्या एक तास मागे, किनाऱ्यावर फोन आपोआप बदलतो पण बोट आपल्या वेळेवर. तुम्ही साधं मनगटी घड्याळ लावायला सांगितलंत म्हणून आम्ही निवांत होतो, परतीच्या होडीसाठी एक कुटुंब असं धावत आलं की बघवत नव्हतं.

एक गोष्ट लिहू की नको असं चाललं होतं पण लिहितेच. तुम्ही त्या दिवशी पहिल्यांदा आवाज चढवलात तो टिपच्या विषयावर. बोटीवर खोलीच्या खात्यात रोज ग्रॅच्युइटी लागते, कंपनीप्रमाणे माणशी 16 ते 20 डॉलरच्या घरात, आणि तुम्ही म्हणालात की शेवटच्या दिवशी काउंटरवर ती काढून टाका म्हणणाऱ्या रांगेत आपली माणसं दिसली की मान खाली जायची. त्या पोरांना कित्येक महिने आठवड्याची सुट्टी नसते, नियमाप्रमाणे चोवीस तासांत दहा तास विश्रांती मिळाली की झालं, झोपायला पाण्याच्या पातळीखाली दोघा-चौघांत एक खोली. हे ऐकून गेल्यामुळे आमचं वागणं बदललं. आमच्या केबिनवाल्याला पहिल्याच दिवशी सांगून टाकलं की आम्ही नऊला बाहेर पडतो आणि बाबा दुपारी दोनला झोपतात, त्याची पण सोय झाली, आमची पण. सासूबाई रोज निघताना चादरीच्या घड्या घालून ठेवायच्या, तो बिचारा हात जोडायचा, नको माताजी, परत घालाव्या लागतात. बुफेमध्ये मात्र डोंगराएवढं वाढून घेऊन टाकून देणारे दिसले, त्यांना बोलायची हिंमत माझ्यात नव्हती. तुम्ही असतात तर बोलला असतात.

तर काका, मनापासून आभार. काकींचे पण, तेवढे चहा त्यांनी केले. आता नणंद ऑगस्टमध्ये बार्सिलोनाहून युरोपची क्रूझ बघतेय, तिला तुमचा नंबर देऊ का ते सांगा, न विचारता दिलेला नाही. आणि शनिवारी संध्याकाळी बाबा स्वतः वर येणार आहेत, त्यांना इंजिन रूमबद्दल काहीतरी विचारायचंय. लिफ्ट बंद आहे तरी येणार म्हणतायत. दोन तास धरून चला.

तुमच्या खालच्या मजल्यावरची