डिजिटल गेमला डिस्कचीच किंमत का?

नव्या व्हिडिओ गेमच्या किमतींचे समर्थन करणारा आपल्या अंकातील लेख वाचला. निर्मितीखर्च वाढला, हे मान्य. २०२० मध्ये सोनीच्या प्लेस्टेशन ५ या गेम खेळण्याच्या यंत्राबरोबर मोठ्या गेमची किंमत अमेरिकेत ६० वरून ७० डॉलर झाली, भारतात ४,९९९ रुपयांवर गेली. पण डिस्क खेळून झाल्यावर विकता येते, मित्राला देता येते. नाशिकमधल्या कॉलेजच्या मुलांना हा खर्च परवडतो तो त्यामुळेच. इंटरनेटवरून डाउनलोड होणाऱ्या डिजिटल प्रतीला ना डबी, ना वाहतूक. पुनर्विक्रीही नाही, मिळतो तो केवळ वापराचा परवाना. तरीही पहिल्या दिवशी किंमत बहुधा तीच! हे मला सरळसरळ अन्यायकारक वाटते. डिजिटल प्रत सुरुवातीपासूनच निदान पाव हिश्शाने स्वस्त मिळायला हवी.

– एक वाचक, इंदिरानगर, नाशिक